मेणाचा पुतळा आणि कापलेलं अर्धं वाक्य

राशिल्द या फ्रेंच लेखिकेची 'मस्यू व्हेनुस' ही कादंबरी १८८४ मध्ये ब्रसेल्सला छापली गेली आणि बेल्जियममध्ये त्या पुस्तकावरून खटला झाला. १८८९ मध्ये पॅरिसची आवृत्ती आली ती फ्रेंच लेखक मोरिस बारेसची प्रस्तावना घेऊन आणि काटछाट होऊन. त्या दिवशी वर्गात दोन्ही आवृत्त्यांचं शेवटचं पान शेजारी शेजारी ठेवलं.

त्याआधी मुलांनी पुस्तकात केलेल्या खुणा पाहिल्या. जवळजवळ सगळ्यांनी कपड्यांखाली रेघ ओढली होती: नायिका राऊलचा पुरुषी सूट, तिचा प्रियकर जाकचा बायकी पोशाख. एवढ्यावरच थांबलं तर कादंबरी वेशांतराची गंमत होऊन बसते. म्हणून पुन्हा पहिलं प्रकरण काढलं. सातव्या मजल्यावर राऊल व्हेनेरांद कृत्रिम फुलांची ऑर्डर द्यायला येते, फुलं बनवणाऱ्या मारी सिल्व्हेरला शोधत. समोर बसलेला मारीचा भाऊ जाक, अंगाभोवती साटीनच्या गुलाबांची माळ, सांगतो की सध्या मारी सिल्व्हेर म्हणजे मीच. अजून कुणी कपडे बदललेले नाहीत, पण उलटापालट सुरू झालेली आहे. बघते ती, बघितला जातो तो; आणि पैसे तिच्याकडे आहेत.

तिथून तीन रंगांच्या पेन्सिली घेतल्या: कोण बघतं, कोण पैसे मोजतं, कोणाच्या वतीने कोण बोलतं. राऊल जाकला स्टुडिओ घेऊन देते, तिथे तर तिन्ही रंग तिच्याच बाजूला जमतात. एका मुलीने नेमकं हेरलं: माणसांच्या जागा बदलल्या, उतरंड तशीच राहिली. माझ्या मते या कादंबरीचं खरं धारिष्ट्य यातच आहे. राशिल्द उलटापालटीला मुक्ती म्हणून सजवत नाही. गरीब जाकला 'बाई' व्हायची किंमत द्वंद्वात जीव देऊन चुकवावी लागते.

मग शेवटचं पान. जाक मेल्यावर राऊलच्या हाती चिमटा, मखमल लावलेला हातोडा, छिन्नी. मेणाच्या पुतळ्याला केस, दात, नखं बसतात ती जाकच्या प्रेताची. रात्री कधी शोकवस्त्रातली स्त्री येते, कधी काळ्या पोशाखातला तरुण; दोन्ही राऊलच. पुतळ्याच्या आतली स्प्रिंग ओठ हलवते. १८८४ च्या पाठात ती त्याच वेळी मांड्याही फाकवते. १८८९ मध्ये हे अर्धं वाक्य गेलं. उपटलेली नखं आणि वेशांतर मात्र राहिलं.

तेवढं काढलं की शेवट विरहिणीचा शोक वाटू लागतो. ते ठेवलं की दिसतं, जाककडून जिवंतपणी जे करून घेतलं जात होतं, तेच आता पुतळ्याकडून करून घेतलं जातंय.