१८ डिसेंबर १९६१, बाणस्तारी: माझा पहिला डायोरामा

युद्धाचा डायोरामा, म्हणजे एखादा प्रसंग दाखवणारा छोटा त्रिमितीय देखावा, म्हटला की बहुतेक जण पडकी घरं करतात, अर्धी भिंत, मातीचा ढीग, लटकणारी तुळई. मला गोव्याचा १९६१ करायचा होता आणि इथे तसं चित्र नव्हतंच. गोवा पोर्तुगीजांकडून मुक्त करणारी भारतीय लष्कराची मोहीम, ऑपरेशन विजय, १८-१९ डिसेंबर असं दोन दिवसांत आटोपलं, पोर्तुगीजांनी मागे हटताना पूल उडवले, पण गावातली घरं बहुतेक जशीच्या तशी उभी राहिली. म्हणून घर अख्खंच करायचं ठरवलं. प्रसंग १८ तारखेच्या संध्याकाळचा, भारतीय लष्कराच्या ५० पॅरा (छत्रीधारी) ब्रिगेडची तुकडी पणजीच्या वाटेवर बाणस्तारीला पोचलीय आणि समोरचा पूल उडवलेला. पूल मी केलाच नाही. रस्ता बेसच्या कडेला संपतो आणि जवान तिकडे बघत उभे आहेत, बस.

स्केल १:३५, म्हणजे सगळं खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढं. घराचा सांगाडा सनबोर्डचा (प्लास्टिकच्या हलक्या फोमचा), कारण आमच्या फोंड्यात पावसाळ्यात पुठ्ठा फुगतो. दर्शनी भिंतीला गिलावा आणि पिवळा रंग, बाजूची भिंत मात्र उघड्या चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, आणि खरी मजा तिथेच आहे. चिरा फूटभर लांब धरला तर मॉडेलमध्ये जेमतेम ९ मिमी. एक्सपीएस फोमवर (दाट थर्माकोलसारखा) बोथट पेन्सिलीने सांधे ओढले, मग अॅल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला गोळा दाबून दाबून खळगे पाडले, मोठी भोकं सुईने. चिऱ्याला नुसता लाल रंग दिला तर वीट दिसते हो! आधी पिवळट मातकट, त्यावर विटकरी ठिपके, भोकांत पातळ काळपट तपकिरी सोडायचा आणि शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट गुलाबीसर हात फिरवायचा, मग तो चिरा वाटतो.

कौलं एम-सीलची, दोन भाग मळून घट्ट होणाऱ्या लांबीची. एक नमुना कोरला, १२ बाय ७ मिमी, त्याचा सिलिकॉनचा साचा केला आणि रोज संध्याकाळी थोडी थोडी पाडत गेलो. भाची बघत होती, म्हणाली, "मामा, सगळी एकाच रंगाची कशी? आजीच्या घरावर काही काळी आहेत ना." अगदी बरोबर! पावसाआधी कौलं परतताना फुटकी तेवढीच बदलतात, त्यामुळे जुन्या काळ्या कौलांत मधेच नवी केशरी दिसायलाच हवीत. खिडक्यांच्या शिंपल्यांच्या तावदानांसाठी बटर पेपरवर मोतिया नेलपॉलिशचा एक हात दिला, उजेडात धरलं की धुरकट चमक येते, एकदम तशीच.

गोवा म्हणून सगळं हिरवंगार करू नका, ही माझी कळकळीची विनंती. डिसेंबरात पाऊस जाऊन दोनेक महिने झालेले असतात, गवत पिवळं, भिंतीवरचं शेवाळ सुकून काळं, रस्त्याकडेची पानं धुळीने तांबडी. अंगणातलं तुळशी वृंदावन मात्र ताजं रंगवलेलं, कारण तुळशीचं लग्न महिन्यापूर्वीच झालेलं. त्यात उसाचं एक वाळलेलं कांडं खोचलंय, मला या कामात सगळ्यात प्रिय तेच.

१९६१ च्या भारतीय जवानांचा तयार सेट मला मिळाला नाही, म्हणून दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश सैनिक घेतले, डोक्यावर पॅराची मरून बेरे टोपी, अंगावर ऑलिव्ह ग्रीन, हातात .३०३ रायफल. जीप तामिया कंपनीच्या किटमधली विलीज. जीपच्या चाकांवर आणि जवानांच्या बुटांवर खऱ्या चिऱ्याची धूळ, मलमलीतून दोनदा चाळलेली आणि तव्यावर भाजलेली, न भाजता लावली तर आपल्या हवेत बुरशी धरते. घराच्या सोप्यावर एक म्हातारी आणि एक पोर उभं केलंय, दार अर्धं उघडं.

वरून अॅक्रिलिकची पेटी आहे, आत सिलिका जेलच्या पुड्या, जून ते सप्टेंबर त्या दर पंधरवड्याला बदलायच्या.