फिरत्या नळ्यांची ठासणीची बंदूक

माझं आजोळ कुडाळ तालुक्यातलं. तिकडे ठासणीची बंदूक म्हणजे शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी. रानडुकरं भातात शिरली की बाहेर निघणार आणि निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा होणार. तिच्यात छर्रेही तेच नळकांडं घेणार आणि गोळीही. गोळी थोडी लांब गेली की कुठे लागेल याची खात्री नाही, पण डुकराला पिटाळायला तेवढं पुरतं.

पेनसिल्व्हेनियात आल्यावर दोन कामांसाठी दोन वेगळ्या नळ्या असलेली जुनी बंदूक पहिल्यांदा हाताळली आणि तेव्हापासून मी तिच्या नादी लागलोय. मी टूलरूमचा माणूस. कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत डाय बनवायला शिकलो, आता यॉर्क काउंटीत तेच काम करतो. शिकारीचा मला सोस नाही. मला ओढ आहे ती या बंदुकांमागच्या डोक्याची.

एकाच नळीने भागत का नाही? गोळी लांबवर नेम धरून मारायची तर नळीत पिळदार खाचा लागतात. ग्रीस लावलेल्या चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी त्या खाचांतून गिरकी घेत निघते आणि सरळ जाते. त्याच नळीत छर्रे भरले तर गिरकीमुळे ते चौफेर पांगतात, मधोमध मोकळी जागा राहते आणि पक्षी त्यातून सुटतो. छर्ऱ्यांना आतून गुळगुळीत नळीच हवी. म्हणजे हरणासाठी एक बंदूक आणि पाखरांसाठी दुसरी. जंगलाच्या कडेला शेती थाटणाऱ्या घराला दोन बंदुका परवडत नव्हत्या, आणि परवडल्या तरी खांद्यावर दोन घेऊन रानात कोण फिरणार? म्हणून एकाच दस्त्यावर दोन्ही नळ्या.

जर्मन मुलखात अशा जोडबंदुका आधीपासून होत्या. तिथले कारागीर अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर भागात स्थायिक झाले आणि इथली प्रसिद्ध लांब रायफल त्यांच्याच हातून घडली. पुढे न्यूयॉर्क राज्यात ट्रॉय गावच्या नेल्सन लुईस यांनी एक नळी पिळाची, एक साफ अशा सुरेख केपाच्या बंदुका केल्या (घोड्याच्या टोल्याने पेटून आतली दारू पेटवते ती छोटी टोपी म्हणजे केप). दक्षिण आफ्रिकेत अशीच शेजारी-शेजारी नळ्यांची बंदूक ‘केप गन’ म्हणून चालली. ही ‘केप’ म्हणजे तिथला केप प्रांत. घोड्याखाली ठेवतात ती टोपी वेगळी. त्या टोपीचं मूळ स्कॉटलंडचे पाद्री अलेक्झांडर फोर्साइथ यांच्या १८०७ च्या पेटंटात आहे.

पण माझा जीव जडलाय तो फिरत्या नळ्यांच्या जातीवर. एक नळी वर, एक खाली. वरची उडवायची, घोडा अर्धा ओढून धरायचा, चापाच्या कड्यापुढची कळ दाबायची आणि नळ्यांची जोडी हाताने अर्धी गिरकी फिरवायची. खटकन आवाज येतो आणि खालची वर येते. घोडा एकच, चापही एकच. केपाआधीच्या चकमकीच्या बंदुकीत मात्र प्रत्येक नळीला स्वतःचं रंजकपात्र, म्हणजे बत्तीच्या दारूची वाटी, आणि झाकण लागायचं, आणि खालची रंजक उलटी लटकत असल्याने झाकण घट्ट बसलं नाही तर सांडायची.

लोक या बंदुकीला बोजड म्हणतात. ती जड आहे, मान्य. तरीही माझ्या मते शेजारी-शेजारी नळ्यांच्या बंदुकीपेक्षा ही जास्त हुशारीची रचना आहे.

माझा इथला एक वयस्क मित्र, निवृत्त सुतार, घरच्या कारखान्यात जुन्या पद्धतीची शेजारी-शेजारी जोडनळी करतोय. इथे केंद्राच्या १९६८ च्या कायद्यात काळ्या दारूच्या ठासणीच्या बंदुका पुराणवस्तूंच्या व्याख्येत बसतात, म्हणून त्याला हे करता येतं. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो, आणि घरी बनवणं हा सरळ गुन्हा आहे. तर, त्याची सगळी झुंज चालली आहे ती दोन्ही नळ्यांनी एकाच जागी मारावं म्हणून. उजवी नळी उडाली की धक्क्याने बंदूक उजवीकडे झुकते, डावी उडाली की डावीकडे. नळ्या अगदी समांतर जोडल्या तर मार फाकतो. म्हणून तोंडाकडे त्या किंचित जवळ आणाव्या लागतात. किती, ते दारूच्या मापावर आणि गोळीच्या वजनावर ठरतं. डाग सोडवा, नळी केसभर सरकवा, पुन्हा डाग द्या, पुन्हा मैदानावर जा. फिरत्या बंदुकीत हा तंटाच नाही. दोन्ही नळ्या उडताना एकाच जागी येतात आणि प्रत्येकीला नेम धरायची स्वतःची माशी असते. दोघींचं एकमत करायची गरजच त्या कारागिराने काढून टाकली!

एक धोका मात्र दोन्ही जातींत सारखा. एक नळी उडाली की धक्क्याने दुसरीतली गोळी दारूपासून पुढे सरकू शकते. मध्ये पोकळी राहिली आणि तशीच उडवली तर नळी फुटू शकते. म्हणून भरलेल्या नळीची केप आधी काढायची, मगच रिकामी नळी ठासायची, आणि गज घालून दुसरीतली गोळी जागेवर आहे ना ते पाहायचं. माझा मित्र हे दर वेळी तोंडाने म्हणत करतो.

सध्या माझ्या टेबलावर एका ओळखीच्यांची जुनी फिरती बंदूक आहे. मेपलचा दस्ता, केपाची, कारागिराचं नाव कुठेच नाही. पिळाची नळी सुमारे १० मिलिमीटरची, तिची गोळी ६ ग्रॅमच्या आसपास. साफ नळी २८ बोअरची, म्हणजे तिच्या मापाच्या २८ गोळ्या मिळून एक पौंड शिसं. नळ्या जिथे टेकून फिरतात त्या पोलादी तोंडावर घासल्याची अर्धगोल खूण आहे, आणि ती एकाच बाजूला खोल आहे. वापरणारा नेहमी एकाच दिशेने फिरवत असणार. साफ नळीची निपल, म्हणजे केप बसवायची बोंडी, आणि तिच्याभोवतीचं लोखंड पिळाच्या नळीपेक्षा कितीतरी जास्त खाल्लंय. माझा तर्क असा की या घराने हरणापेक्षा पाखरं आणि ससेच जास्त खाल्ले.

मालकांना ती लखलखीत करून भिंतीवर लावायची आहे. मी स्पष्ट नाही म्हटलं. पॉलिशच्या चाकावर ती अर्धगोल खूण पाच मिनिटांत जाईल आणि त्या घराबद्दल ही बंदूक जे सांगते ते सगळं तिच्याबरोबर जाईल. बिघडलंय ते फक्त कळीचं पातं. झिजल्यामुळे नळ्या जागेवर घट्ट बसत नाहीत. नवं पातं मी करून देतोय, त्यावर आतल्या बाजूने वर्ष कोरणार आहे, म्हणजे पुढे कोणी ते जुनं समजणार नाही. मूळ पातं चिठ्ठीसकट पाकिटात घालून मालकांकडे परत जाईल. बाकी नुसतं हलकं तेल, आणि लाकडाला मेणाचा एक हात. एवढ्यावर ते तयार झाले आहेत.