वॉटर पंप आणि वॉरंटी

आज फैजपूरच्या पुढे टेम्परेचरचा काटा एकदम लालवर. बोनेटमधून वाफ! शेजारच्या केळीच्या बागेतून एक दादा पाण्याचा कॅन घेऊन आले, "काय व्हयनं भाऊ?" इंजिन गार होईस्तोवर त्यांनी रेडिएटरच्या झाकणाला हातसुद्धा लावू दिला नाही.

मग टोचन करून जळगावचं सर्व्हिस सेंटर. वॉटर पंप गळतोय हे मान्य, पण म्हणे कूलंट बाहेर भरलंय, वॉरंटी बसणार नाही. अहो, कूलंट तुमच्याच मागच्या बिलात छापलंय! बिल दाखवलं तर साहेब मीटिंगला. नकार लेखी मागितला तर अख्ख्या शोरूमात पेन सापडेना. जॉबकार्डची प्रत तेवढी भांडून घेतली, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली. नाहीच ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच.

गाडी तिथेच. उद्या भुसावळहून जळगावला कोण निघतंय? मला घेऊन चला रे.