सही राहिली

आज सकाळच्या एसटीने भुसावळहून रावेरला गेली होती, हक्कसोडवर, म्हणजे जमिनीतला माझा वाटा भावाला सोडल्याच्या कागदावर, सही करायला. आबांना जाऊन वर्ष झालं, साडेतीन एकर वडिलोपार्जित केळी, भावाने कागद तयारच ठेवलेले, म्हणे ताई फक्त इथं सही कर मग घरी जाऊ, मायने भरीत केलंय. इकडे नवरा महिनाभर कानाशी, सोडू नको, 2005 पासून मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. कायदा मलाही माहितीय हो! पण दोघांपैकी एकानेही विचारलं नाही, तुला काय करायचंय.

पेन हातात, मागे लाईन, काका घड्याळ बघतायत... मी म्हटलं आज नाही करत, मला टाइम पाहिजे. सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी. घरी भाऊ बोललाच नाही, मलाही घास उतरेना (आणि कळण्याची भाकरी होती, काय सांगू). वहिनीने मात्र निघताना गुपचूप केळीची फणी पिशवीत टाकली नि हात दाबला.

आत्ता रात्रीचे अकरा, नवरा विचारतोय, मग काय ठरलं? म्हटलं ठरलं की सांगेन. खरं तर मलाच कळत नाहीये, जमीन पाहिजे की माहेर, की दोन्ही.