तुम्ही विचारलंत म्हणून: लाल किल्ला, बाहेरून

घरी येणारा प्रत्येक पाहुणा बाबांच्या तोंडून आमच्या दिल्लीच्या सहलीची गोष्ट ऐकतो. मग निघताना, चपला घालता घालता, मला हळूच विचारतो, "अरे, मग पुन्हा एकदा नेऊन का नाही आणत त्यांना?" सहा वर्षं मी "बघू नं" म्हणून वेळ मारून नेली. आता एकदाचं सांगून टाकतो.

बाबा सांगतात तशी ती गोष्ट घडलेली नाही. ते म्हणतात, "आम्ही लाल किल्ला बाहेरून पाहिला. आतला मला पाठच आहे." लोक हसतात. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाला ते वाक्य शोभूनही दिसतं. पण त्या वाक्यातून मी अलगद सुटतो, आणि ते मला खुपतं.

दिवाळीची सुट्टी होती. आई, बाबा, आम्ही दोघं, दोन पोरं. जी.टी. एक्स्प्रेसनं गेलो, करोल बागेत उतरलो. शनिवारी इंडिया गेट, हुमायूनची कबर, राजघाट. ते तुम्हाला माहीतच आहे, फोटो दहा वेळा पाहिलेत. रविवारी सकाळी बाबा आंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तयार. "आज किल्ला करू." मी म्हटलं, रविवारी गर्दी राहते, आज कुतुब करू आणि संध्याकाळी सरोजिनी नगर, कारण तो बाजार सोमवारी बंद असतो. "किल्ला उद्या. तो काय पळून चालला का, बाबा?"

बाजार सोमवारी बंद असतो हे मी मोबाईलवर मुद्दाम शोधून ठेवलं होतं. माझ्याच हातानं. किल्ल्याचं शोधावं असं डोक्यातही आलं नाही. आणि हे कोणाच्या डोक्यात आलं नाही, तर नागपूरच्या माणसाच्या! आमचा सीताबर्डीचा किल्ला फौजेच्या ताब्यात. लोकांसाठी उघडतो तो 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, असा बोटावर मोजण्याइतक्या दिवशी. लहानपणी दर 15 ऑगस्टला बाबा आम्हाला तिथं न्यायचे आणि 1817 ची लढाई, आप्पासाहेब भोसले, सगळं चढावरच सांगून संपवायचे. किल्ल्यालाही वार असतात हे मला कोणी वेगळं शिकवायला नको होतं.

सोमवारी सकाळी ई-रिक्षात बाबांनी विचारलं, "आज सोमवार नं रे?" मी म्हटलं, "हो. उपास दिल्लीतही धरता का?" ते काही बोलले नाहीत. त्यांना माहीत होतं का? होतं, तर बोलले का नाहीत? आदल्या दिवशी मी ज्या आवाजात बोललो, त्यानंतर बोलावंसं वाटलं नसेल. किंवा खरंच उपासाचंच विचारलं असेल. यावर माझा मीच दोन्ही बाजूंनी भांडतो.

लाहोरी दरवाजापाशी बॅरिकेड लावलेले. पोलीस म्हणाला, "आज तो मंडे है, बंद है।" मी हुज्जत घातली. बुजुर्ग आहेत, नागपूरहून आलोय, फार लांबून. तो शांतपणे म्हणाला, "सब दूर से ही आते हैं।" बाबांनी माझी बाही ओढली. "चाल बे, त्याचं काय चुकलं?"

समोर जैन मंदिराच्या बाजूला कट्ट्यावर आम्ही बसलो. आईनं चिवड्याची पुडी सोडली. बाबांनी बोट भिंतीकडे केलं आणि तास सुरू. त्या भिंतीमागं दिवाण-इ-खास. 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंची फौज दिल्लीत आली, तिजोरी रिकामी, शिपायांचे पगार थकलेले. भाऊंनी दिवाण-इ-खासचं चांदीचं छत उतरवलं आणि त्याची नाणी पाडली. धाकटा मोबाईलमध्ये होता. मोठी ऐकत होती. "आणि मग पुढं..."

"बाबा, पुरे आता. गाडी चुकेल."

गाडीला सहा तास होते.

ते थांबले. पुडी पुन्हा बांधली गेली. किल्ला बंद होता याचं मला एवढं वाईट वाटत नाही. कट्ट्यावर जे उघडं होतं तेही मीच बंद केलं. त्या आनंदी माणसाकडे बघवत नव्हतं मला, एवढंच कारण. घरी गोष्ट सांगताना बाबा सगळं सांगतात, पोलीस, चिवडा, मंडे. छताचं मात्र तेव्हापासून कधीच नाही.

तेव्हाचा मी अजून म्हणतो, सहा माणसांची सुट्टी एकट्याच्या किल्ल्याभोवती का गुंडाळायची? पोरांनाही सुट्टी होती, बायकोलाही. ते मला आजही पटतं. त्याबद्दल मी माफी मागणार नाही.

मग पुन्हा का नेत नाही? त्यांचे गुडघे, दिल्लीची हवा, मोठीची दहावी. तिन्ही कारणं खरी आहेत. पण येता का, असं मी त्यांना अजून एकदाही विचारलेलं नाही, आणि हे तुमच्यापैकी कोणाला माहीत नव्हतं. ते "नको" म्हणतील ही एक भीती. लगेच "चल" म्हणतील ही दुसरी.

तेव्हा पुढच्या वेळी चपला घालताना मला विचारू नका. बसल्या बसल्या त्यांनाच विचारा, छत उतरवल्यावर पुढं काय झालं. मी आतल्या खोलीत असेन.