तुम्ही विचारलंत म्हणून: डायटमच्या परजीवीचं नाव बदलून काय साधतं?

गोड्या पाण्यातल्या डायटमवर जगणाऱ्या परजीवींबद्दल बोलायला लागलं की हा प्रश्न हमखास येतो. डोळ्याला दिसतही नाही अशा जीवाला या गणातून (वर्गीकरणातल्या मोठ्या गटातून) उचलून त्या गणात ठेवल्यानं कुणाचं काय अडतं? माझ्या मते बरंच अडतं.

डायटम म्हणजे काचेसारख्या सिलिकाच्या कवचातलं एकपेशीय शेवाळ. त्यातल्या अ‍ॅस्टेरिओनेलाच्या लांबुडक्या पेशी एका टोकाला जुळून चांदणी तयार होते. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या तळ्यांत या चांदण्यांवर बुरशीची साथ येते आणि त्यांची संख्या घसरते, हे हिल्डा कँटर आणि जॉन लुंड यांनी १९४८ मध्ये मांडलं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशीला बाहेरून चिकटलेला एक इवलासा फुगा दिसतो. ती बीजाणुधानी, म्हणजे बीजाणू तयार होण्याची पिशवी. तिचा तंतू पेशीत शिरलेला असतो आणि आतला सोनेरी-तपकिरी ऐवज आकसत जातो. मग धानीचं झाकण उघडतं आणि चलबीजाणू, म्हणजे पोहू शकणारे बीजाणू, बाहेर पडतात. प्रत्येकाला मागच्या बाजूला एकच गुळगुळीत शेपटी. या गटाला कायट्रिड म्हणतात, आणि ही अस्सल बुरशी.

आता एक्ट्रोजेला पाहा. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ झोफ यांनी १८८४ मध्ये वर्णन केलेला हा परजीवी डायटमच्या आतच वाढतो. त्यालाही लोक वर्षानुवर्षं बुरशीच समजत आले. पण त्याच्या चलबीजाणूला दोन शेपट्या असतात. तो ऊमायसीट, म्हणजे बुरशीसारखा दिसणारा पण बुरशी नसलेला जीव, आणि या गटाच्या दोन शेपट्यांपैकी एकीवर बारीक केसांची झालर असते. तशीच झालर काही डायटमच्या नरपेशींच्या शेपटीवरही असते! म्हणजे एक्ट्रोजेला ज्याला खातो, त्याच्याच भाऊबंदांपैकी आहे. उलट कायट्रिडची मागून ढकलणारी शेपटी माणसाच्या शुक्रपेशीची आठवण करून देते, आणि वंशवृक्षावर तो खरोखरच डायटमपेक्षा आपल्या जवळ आहे. मला आजही हे विलक्षण वाटतं.

कायट्रिडांमध्येही रूपावरून नातं ठरवणं धोक्याचं. झाकणाची धानी, आणि नर व मादी नळीनं जोडले जाऊन तयार होणारा विश्रामी (सुप्तावस्थेत राहणारा) बीजाणू, एवढ्या खुणांवर झायगोऱ्हायझिडियम ही कायट्रिडांची प्रजाती (जवळच्या जातींचा गट) उभी होती. २०२० मध्ये सेतो आणि सहकाऱ्यांनी डीएनए आणि चलबीजाणूची आतली रचना तपासली. हिरव्या शेवाळावरची मूळ जाती एका बाजूला गेली आणि डायटमवरच्या तीन जाती दुसऱ्या बाजूला. अंतर इतकं, की दोन नवे गण करावे लागले. डायटमवाल्यांना झायगोफ्लिक्टिस हे नाव मिळालं: एक जाती अ‍ॅस्टेरिओनेलावरची, एक औलाकोसायरावरची, एक उल्नारियावरची (हे दोन्हीही डायटमच).

ज्याचा त्याचा यजमान ठरलेला, म्हणून नाव नेमकं हवं. कुठल्या डायटमवर साथ आली आहे हे त्यावरून कळतं. मोठ्या चांदण्या डॅफ्नियाला (तळ्यातल्या इवल्याशा पाणपिसूला) सहसा खाता येत नाहीत, पण त्यांच्यावर वाढलेले चलबीजाणू मात्र ती खाते. तळ्याचं अन्नजाळं असं या परजीवीतून जातं.

शिवाय हल्ली पाण्याच्या नमुन्यातून थेट डीएनए वाचतात. त्यात कायट्रिडांच्या डीएनएच्या ढीगभर ओळी (अक्षरक्रम) मिळतात, पण नाव जोडायला ओळखीचा जीव हाताशी नसतो. जुन्या परजीवींपैकी अनेकांचं नुसतं रेखाचित्र शिल्लक आहे. त्यांना पुन्हा शोधायचं, जिवंत डायटमवरच वाढवायचं, रूप आणि डीएनए एकत्र नोंदवायचं, तेव्हा कुठे त्या ढिगातली एक ओळ वाचता येते.