मुद्रांक भरून झाल्यावरचे दोन लाख

घासाघीस करणारा ग्राहक मला त्रासदायक वाटत नाही. भाव ठरेपर्यंत घासाघीस करणे हा घेणाऱ्याचा हक्कच आहे, आणि पुण्यात जुन्या सदनिकांचे पुनर्विक्रीचे व्यवहार जुळवून देण्याच्या माझ्या व्यवसायात ती झाली नाही तर मलाच चुकल्यासारखे वाटते. खरा त्रास देतो तो भाव ठरल्यानंतर, विसार म्हणजे सौदा पक्का करणारी आगाऊ रक्कम दिल्यानंतर आणि विकणाऱ्याने मनाने घर सोडल्यानंतर नव्याने भाव करू लागणारा ग्राहक. कर्वेनगरमधील एका सदनिकेच्या व्यवहारात, 2023 च्या दिवाळीच्या सुमारास, असा एक ग्राहक आमच्याकडे आला.

घर एका निवृत्त शिक्षिकेचे होते. मी त्यांना काकू म्हणते. सदनिका त्यांच्या एकट्यांच्या नावावर होती आणि ती विकून नाशिकला मुलीच्या घराजवळ लहानसे घर घ्यायचे त्यांनी ठरवले होते. नाशिकच्या घराचा विसारही त्यांनी देऊन टाकला होता. घर दाखवताना ग्राहकाला चहा द्यावा, माहिती देऊ नये, असे मी सगळ्याच घरमालकांना सांगत असते. काकूंनी पहिल्याच भेटीत दोन्ही दिले. नाशिकचे पैसे कोणत्या महिन्यापर्यंत भरायचे आहेत हे ग्राहकाला त्या दिवशी कळले, आणि पुढच्या प्रत्येक बैठकीत त्याच्या बोलण्यात त्या महिन्याचा उल्लेख येत राहिला.

92 लाखांवर सौदा ठरला. त्यानंतर त्याने पहिला प्रस्ताव मांडला तो रोखीचा: दस्तात 70 लाख दाखवावेत आणि 22 लाख रोख घ्यावेत. असे प्रस्ताव अजूनही येतात आणि ते मांडणारे जणू विकणाऱ्यावर उपकार करत असल्याच्या थाटात मांडतात. प्रत्यक्षात स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास 2015 पासून आयकर कायद्याच्या 269 एसएस या कलमाने मनाई केली होती, आणि तिचे उल्लंघन झाल्यास घेतलेल्या रकमेएवढा दंड रोख देणाऱ्याला नव्हे, तर रोख घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला होऊ शकत होता. शिवाय त्या सदनिकेचे शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्याप्रमाणे (रेडी रेकनर) होणारे मूल्य 80 लाखांच्या आसपास होते. दस्तातील किंमत त्याहून दहा टक्क्यांच्या पलीकडे कमी पडली असती, म्हणजे आयकर खात्याने काकूंचा भांडवली नफा मोजताना 80 लाखच धरले असते. मी हे सगळे कागदावर मांडून दाखवल्यावर तो विषय मिटला. मात्र जाता जाता तो म्हणाला, ‘‘मावशी, मी तुमच्या मुलासारखा आहे, मला समजून घ्या.’’ काकू म्हणाल्या, ‘‘मुलासारखे असाल, तर आईशी एवढा भाव कशाला करता?’’ ग्राहक हसला, पण मावशी हा शब्द काही त्याने सोडला नाही.

या व्यवहारात एक खरा दोष होता आणि तो आम्ही पहिल्या भेटीतच सांगितलेला होता. काकूंनी 1988 मध्ये बिल्डरशी केलेला मूळ करार मुद्रांक कागदावर होता, परंतु त्यावरचे मुद्रांक शुल्क नाममात्र होते आणि करार नोंदवलेला नव्हता. त्या काळातील कितीतरी सोसायट्यांत असे करार सापडतात. 10 डिसेंबर 1985 पासून महाराष्ट्रात ताबा देणाऱ्या विक्री करारावर खरेदीखताप्रमाणेच, म्हणजे विक्रीच्या अंतिम दस्ताप्रमाणेच शुल्क लागू झाले होते, ही गोष्ट अनेक बिल्डरांनी ग्राहकांना सांगितलीच नव्हती. सोसायटीचा भागदाखला (शेअर सर्टिफिकेट) काकूंच्या नावावर होता, मिळकत कराच्या पावत्या होत्या, पस्तीस वर्षांत कोणी हरकत घेतली नव्हती. तरीही अपुऱ्या मुद्रांकाचा दस्त न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य धरला जात नाही आणि गृहकर्ज देणाऱ्या बँकेचा वकील तो पाहून थांबणारच. ग्राहकाने हा धागा धरून पाच लाखांची सूट मागितली. मुद्रांकाच्या थकबाकीवर दरमहा दोन टक्के दंड चढतो, हे त्याने कोठूनतरी शोधून काढले होते आणि ते खरेच होते.

माझ्या कामातील एक पक्का नियम असा आहे की दोष असेल तर तो दुरुस्त करून द्यावा, त्याच्या बदल्यात सूट देऊ नये. सूट दिली तर दोष कागदात राहतोच आणि पुढच्या बैठकीत त्याच दोषासाठी पुन्हा सूट मागितली जाते. म्हणून विसार पावतीत आम्ही असे लिहिले की जुन्या कराराचे मुद्रांक शुल्क व दंड विकणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने भरून द्यावा, तोपर्यंत साठेखत, म्हणजे खरेदीखताआधीचा विक्री करार, करू नये, आणि हे काम ठरलेल्या मुदतीत झाले नाही तर विसार परत करावा. त्याच पावतीत आणखी काही गोष्टी घातल्या. मोबदला एकरकमी असून क्षेत्रफळाच्या मोजणीवर अवलंबून नाही. सदनिका आहे त्या स्थितीत पाहून घेतली आहे. पूर्ण रक्कम मिळेपर्यंत ताबा किंवा चावी कोणत्याही कारणासाठी दिली जाणार नाही. साठेखताचे मुद्रांक शुल्क ग्राहकाने नोंदणीची वेळ घेण्यापूर्वी भरावे. आणि मालकी हक्कातील दोषाखेरीज अन्य कारणाने ग्राहकाने माघार घेतली तर पाच लाखांचा विसार जप्त होईल.

नशिबाने डिसेंबर 2023 मध्ये राज्य शासनाने मुद्रांक शुल्क अभय योजना आणली. 1980 ते 2000 या काळातील ज्या दस्तांवरील थकीत शुल्क एक लाखापर्यंत आहे, त्यांचे शुल्क आणि दंड दोन्ही पहिल्या टप्प्यात पूर्ण माफ होत होते. दस्त कोऱ्या कागदावर नव्हता, मुद्रांकावर होता, त्यामुळे तो योजनेत बसला. मी अर्ज भरून मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयात दिला आणि यथावकाश दस्तावर शिक्का बसून आला. त्यानंतर मूळ करार जोडून घोषणापत्राची नोंदणी करावी, असे आमच्या वकिलांनी सुचवले आणि बँकेच्या वकिलांनी ते मान्य केले. ज्या दोषासाठी पाच लाख मागितले जात होते, तो काकूंना कागदपत्रांचा किरकोळ खर्च आणि वकिलांचे शुल्क एवढ्यातच दूर करता आला. ही बातमी मी ग्राहकाला फोनवर सांगितली तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्याने विचारले, ‘‘मॅडम, क्षेत्रफळाचं काय?’’

क्षेत्रफळाचे, चावीचे आणि वास्तूचे किस्से मी लांबवत नाही. लेझर मीटर घेऊन येणे, रंगकामासाठी आठवडाभर चावी मागणे, ईशान्येच्या न्हाणीघरावर चर्चा करणे हे सर्व झाले. प्रत्येक वेळी मी पावतीतील संबंधित ओळ वाचून दाखवली. चावीच्या बाबतीत मात्र मी एरवीही कठोर असते. एकदा ग्राहकाचे सामान घरात शिरले की उरलेले पैसे मागणारा विकणाराच याचक होतो.

दस्त कोणाच्या नावावर करायचा, हेही अनेकदा बदलले. आधी त्याचे एकट्याचे नाव होते, मग दोघांचे झाले. खरेदीदार केवळ स्त्री असेल तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते हे समजल्यावर अखेरीस पत्नीचे एकटीचे नाव ठरले आणि तो कर्जात सहकर्जदार राहिला. पुण्यात सात टक्क्यांऐवजी सहा टक्के, म्हणजे 92 लाखांवर 5,52,000 रुपये. 92,000 वाचल्याचा आनंद त्याला झाला, आणि विसारही त्याने पत्नीच्या खात्यातूनच पाठवला. त्या क्षणापासून कायद्याच्या दृष्टीने घर घेणारी ती होती, हे त्याच्या ध्यानात आलेले दिसले नाही.

साठेखताच्या नोंदणीसाठी निबंधक कार्यालयातली वेळ फेब्रुवारीतल्या एका दिवशी सकाळी साडेअकराची मिळाली होती. मुद्रांक शुल्क आणि 30,000 रुपयांची नोंदणी फी यांची चलने भरली गेली होती, ओळख पटवणारे साक्षीदार म्हणजे ओळखदार आले होते, माहिती संगणकात चढवून तपासली होती. सर्व्हर रखडत होता, त्यामुळे दुपारचा एक वाजत आला तरी आमचा क्रमांक लागला नव्हता. साठेखताच्या वेळी ग्राहकाने स्वतःच्या वाट्याचे 27 लाख द्यायचे होते. त्यातून विकणाऱ्याच्या नावे आयकर म्हणून कापायचा एक टक्का टीडीएस, म्हणजे 27,000 रुपये वजा जाता 26,73,000 चा डिमांड ड्राफ्ट अपेक्षित होता. उरलेले 60 लाख बँकेकडून खरेदीखताच्या दिवशी मिळणार होते.

क्रमांक जवळ आल्यावर त्याने पाकिटातून ड्राफ्ट काढला. मी हात पुढे करण्याआधी काकूंनी तो घेतला. आयुष्यभर गणित शिकवलेल्या बाईंची नजर आकड्यावरच जाते. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘सव्वीस त्र्याहत्तर हवे होते. हे चोवीस त्र्याहत्तर आहेत.’’

त्यावर त्याने सांगितले की न्हाणीघराच्या गळतीबद्दल खालच्या मजल्यावरच्या रहिवाशांनी त्याच्याकडे तक्रार केली असून दुरुस्तीपोटी त्याने दोन लाख धरले आहेत. किंमत मात्र दस्तात 92 लाखच राहू द्यावी आणि काकूंनी 27 लाख मिळाल्याचे मान्य करून सही करावी, म्हणजे बँकेला अडचण येणार नाही. ड्राफ्टवर आदल्या दिवसाची तारीख होती. म्हणजे हा विचार काही रांगेत बसल्यावर सुचलेला नव्हता. माणूस निबंधकांच्या दारात उभा असतो, ओळखदारांनी अर्धा दिवस मोडलेला असतो, नाशिकची मुदत जवळ येत असते. अशा वेळी दोन लाखांसाठी कोण उठून जाणार, हा त्याचा हिशोब होता. वाईट हिशोब नव्हता तो. अनेक घरमालक अशा वेळी सही करतात, हे मी पाहिलेले आहे.

मी गळतीबद्दल एक शब्दही बोलले नाही. गळती किती, खर्च किती, अशी चर्चा सुरू झाली असती तर ती एक लाखावर येऊन मिटली असती आणि तेच त्याला हवे होते. मी काकूंना म्हणाले, ‘‘चला काकू, आज दस्त होत नाही.’’ काकू लगेच उठल्या, पिशवी उचलली आणि ओळखदारांना जेवायला घरी येण्याचे आमंत्रण देऊ लागल्या.

हे मी हिमतीवर केलेले नव्हते. नाशिकच्या घरमालकांकडून पंधरा दिवसांची वाढीव मुदत मी आधीच लेखी मागून घेतली होती. या ग्राहकाचा एकंदर स्वभाव पाहता ती लागेल असे वाटले होते. दुसऱ्या बाजूला त्याचे 5,52,000 शासनाच्या तिजोरीत जमा झालेले होते, त्यांचा परतावा अर्ज करून मिळतो पण त्याला वेळ लागतो. पाच लाखांचा विसार जप्तीच्या अटीखाली होता. कर्जमंजुरीची मुदत महिनाअखेरीस संपत होती. पावती लिहिताना पैशांचा आणि कागदांचा क्रम आम्ही मुद्दाम असा लावला होता की दर पायरीवर उठून जाणे त्याला अधिकाधिक महाग पडावे आणि काकूंना नाही.

त्याने आवाज चढवला, मी दलालीसाठी व्यवहार मोडते आहे असेही म्हणाला. मी विकणाऱ्याच्याच बाजूने काम करत होते आणि त्याच्याकडून एक रुपयाही घेणार नव्हते, शिवाय व्यवहार मोडल्यावर दलाली मिळत नसते, पण ते बोलून दाखवण्याची गरज पडली नाही. इतका वेळ कोपऱ्यातल्या बाकावर बसलेली त्याची पत्नी उठून आली. ड्राफ्टच्या रकमेची तिला कल्पना नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होते. तिने त्याला एवढेच विचारले, ‘‘दस्त माझ्या नावावर आहे ना?’’ तो काहीतरी समजावू लागला. तिने त्याला पुरते बोलू न देता मोबाइल काढला. विसाराच्या वेळी काकूंचे खाते तिच्या यादीत चढवलेले होतेच. तिने त्यावर दोन लाख रुपये पाठवले आणि काकूंकडे वळून म्हणाली, ‘‘काकू, बघा आले का.’’

मेसेज आला होता, पण मेसेजवर विश्वास ठेवून सही करू देणे माझ्या शिस्तीत बसत नाही. मी काकूंना बँकेच्या शाखेत फोन लावून रक्कम जमा झाल्याची खात्री करायला लावली. दस्तात ड्राफ्ट आणि बँक व्यवहाराचा क्रमांक असे दोन्ही तपशील घालण्यासाठी नोंद पुन्हा उघडावी लागली आणि आणखी तासभर गेला. मग अंगठे झाले, छायाचित्रे झाली, ओळखदारांच्या सह्या झाल्या. तो सारा वेळ तो बाहेर झाडाखाली फोनवर बोलत होता. खरेदीदार म्हणून त्याची कोठे सहीच नव्हती.

गळती पाहायला दुसऱ्या दिवशी आम्ही प्लंबर नेला. फरश्यांच्या सांध्यांतील भरण झिजली होती, ती काकूंनी आपल्या खर्चाने भरून दिली. दोन लाखांच्या जवळपास जाणारा तो खर्च नव्हता. मार्चमध्ये बँकेने पैसे दिले, खरेदीखत झाले, आणि रक्कम खात्यात आल्यावर काकूंनी चाव्या त्या बाईंच्या हातात दिल्या. सदनिका नव्या नावावर करताना सोसायटी घेते त्या हस्तांतरण अधिमूल्याचे 25,000 निम्मे निम्मे करावेत, असा निरोप त्याच्याकडून आला होता. पावतीत ती रक्कम घेणाऱ्याने भरायची असल्याची ओळ होती, मी तिचे छायाचित्र पाठवले. शेवटच्या हप्त्यावरच्या टीडीएसचे चलन एप्रिलअखेरपर्यंत भरायचे होते आणि त्यानंतर मिळणारे टीडीएस भरल्याचे 16 बी प्रमाणपत्र काकूंना विवरणपत्रासाठी हवे होते. त्यासाठी मी त्याला फोन केलाच नाही, थेट पत्नीलाच केला, आणि चलन तिने मुदतीच्या आत भरले.